घर वाढवितांना : एका राजवाड्याचा जमाखर्च

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण आपण इतक्या वेळां ऐकलेली असते कीं, तिच्यांतील एक उणीव सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. नवें घर बांधणें अवघड खरें. पण उभ्या, नांदत्या घराला दोन खोल्या जोडणें त्याहून अवघड, आणि त्याविषयीं ही म्हण कांहींच बोलत नाहीं. नव्या घराचा खर्च मनुष्य भीत भीत काढतो. वाढीव कामाच्या बाबतींत ती भीति नसते. जागा आपली, पाया घातलेला, तीन बाजूंच्या भिंती उभ्या, मग राहिलें काय, अशा हिशेबानें आपण गवंड्याला बोलावणें धाडतों.

माझ्या आजोळीं असेंच झालें. धाकट्या मामांच्या लग्नापूर्वीं वरचा मजला चढवावयाचा ठरला. एकूण रक्कम किती लागेल हें कंत्राटदाराला कोणीं विचारलें नाहीं, आणि त्यानेंहि आपण होऊन सांगितलें नाहीं. खांब उभे राहिले आणि पैसे संपले. पुढें अकरा वर्षें त्या गच्चीवर लोखंडी सळ्या नुसत्या उभ्या होत्या. मामी लग्न होऊन आली ती खालच्या माजघरांत, आणि त्या सळ्यांना दोऱ्या बांधून तिनें दोन मुलांचीं दुपटीं वाळविलीं. दोष कोणाचा, यावर त्या घरांत अजून एकमत झालेलें नाहीं.

श्रोतेहो, आज मी जी हकीकत सांगणार आहें ती मात्र लंडनमधील एका घराची आहे. त्याला आज सारें जग बकिंगहॅम राजवाडा म्हणून ओळखतें. मुळांत तो राजवाडा नव्हता. तें एका सरदाराचें घर होतें, आणि पुढें राजघराण्यानें तें वाढवीत नेलें. त्याच्या वैभवाशीं मला आज कर्तव्य नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्या एकाच वास्तूला दोन वेळां मोठी वाढ झाली. एकदां खर्चाचा आंकडा हातांतून सुटला, आणि एकदां तो हातांत राहिला. घर तेंच, घराणें तेंच. म्हणून ही तुलना मला उपयोगाची वाटते.

खर्चाच्या आंकड्याला कोणीं बांधील राहावयाचें, हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांत व्हिट्रुव्हियस नांवाचा रोमन स्थपति होऊन गेला. वास्तुशास्त्रावरील त्याचा दहा भागांचा ग्रंथ उपलब्ध आहे. त्याच्या शेवटच्या भागाच्या प्रास्ताविकांत त्यानें इफेसस या ग्रीक नगरांतील एक जुना कायदा नोंदून ठेविला आहे. हें नगर आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्याजवळ होतें. तेथें सार्वजनिक काम अंगावर घेणाऱ्या स्थपतीस खर्च किती येईल हें आधीं सांगावें लागे. तो आंकडा अधिकाऱ्याच्या स्वाधीन होई, आणि काम पुरें होईपर्यंत स्थपतीची मालमत्ता तारण राही. सांगितलेल्या खर्चांत काम उरकलें तर त्याचा गौरव होई. चौथाईपर्यंत अधिक लागलें तर ती भर सरकारी तिजोरींतून पडे व त्याला दंड नसे. त्याहून अधिक लागलें तर मात्र तें त्याच्या मालमत्तेंतून वसूल होई. असा कायदा रोमलाहि हवा होता, आणि तो खासगी घरांनाहि लागू असावयास पाहिजे होता, असें व्हिट्रुव्हियस खेदानें म्हणतो. चार लाखांचें घर पांच लाखांवर गेलें तर मालक कसाबसा तग धरतो, कारण काम पुरें होण्याची आशा त्याला ओढून नेते. पण खर्च दीडपट किंवा त्याहून अधिक झाला म्हणजे तो पैशानें खचतो, मनानें खचतो आणि काम अर्धवट टाकतो, हें त्याचें निरीक्षण आहे.

या कायद्यांतील मला विशेष आवडते ती चौथाई. अंदाज चुकणार हें इफेससच्या लोकांनीं गृहीतच धरलें होतें. किती चुकला तर चालेल, आणि त्यापुढील चूक कोणाच्या पदरांत पडेल, एवढेंच त्यांनीं काम सुरू होण्यापूर्वीं ठरवून टाकलें.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत जी वहिवाट होती ती जवळजवळ याच्या उलट होती. घर बांधावयाचें म्हणजे गवंडी, सुतार, गिलावा करणारे, कांचा बसविणारे, अशा प्रत्येकाशीं निराळा व्यवहार. बहुधा दर ठरे, एकूण रक्कम ठरत नसे. काम झाल्यावर मोजणीदार यावयाचा, भिंत किती, लाकूड किती याची मोजणी व्हावयाची, आणि त्यावरून देणें निघावयाचें. म्हणजे घराची किंमत घर उभें राहिल्यावर कळे! स्थपतीचा मेहनताना झालेल्या खर्चावर शेंकडा ५ या दरानें घेण्याची रूढि होती. खर्च वाढला कीं त्याची मिळकत वाढे. सगळे स्थपति लबाड होते असें मुळींच नाहीं. परंतु खर्च वाढल्यानें ज्याचा तोटा होत नाहीं, त्याच्याकडे काटकसरीची जबाबदारी सोंपविणें हा मालकाचाच भोळेपणा म्हटला पाहिजे. आपल्याकडील सार्वजनिक बांधकाम खात्याशीं ज्यांचा संबंध आला असेल त्यांना मोजमापवही ठाऊक असेल. मोजून पैसे देण्यांत गैर कांहींच नाहीं. मोजणी सुरू होण्यापूर्वीं एकूण आंकडा मंजूर झालेला असावा लागतो, इतकेंच.

आतां त्या घराकडे वळूं. बकिंगहॅमच्या ड्यूकनें १७०३ च्या सुमारास बांधविलेलें हें घर तिसऱ्या जॉर्ज राजानें १७६१ मध्यें आपली राणी शार्लट हिच्यासाठीं विकत घेतलें. दरबार जवळच्या सेंट जेम्सच्या राजवाड्यांत भरे आणि संसार येथें चाले. त्या दांपत्याच्या पंधरा मुलांपैकीं चौदा याच घरांत जन्मलीं. १८२० मध्यें त्यांचा थोरला मुलगा चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आला. या राजाला बांधकामाचें व्यसनच होतें. युवराज असतांना ब्रायटन येथें समुद्राकाठीं त्यानें एक घर घेतलें होतें. १७८७ मध्यें तें वाढविलें, आणि १८१५ पासून जॉन नॅश या स्थपतीकडून त्याचा पुरता कायापालट करवून त्यावर घुमट व मनोरे चढविले. ते हिंदुस्थानी पद्धतीचे म्हणून प्रसिद्ध आहेत. आग्र्याच्या माणसाला ते आपले वाटतील कीं नाहीं याची मला शंकाच आहे. ब्रायटनचें हें प्रकरण श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

बकिंगहॅमचें वडिलोपार्जित घर आपल्या खासगी निवासासाठीं नीटनेटकें करून घ्यावें, एवढाच राजाचा प्रथम विचार होता. काम नॅशकडेच आलें. १८२५ मध्यें सुरुवात झाली तेव्हां नॅशनें सत्तरी ओलांडली होती. मधलें जुनें घर राखावयाचें, बागेच्या बाजूस त्याला नव्या दालनांची रांग जोडावयाची, असा बेत होता. नकाशा खासगी घराचा होता. आणि काम चालू असतां, १८२६ च्या अखेरीस, राजाचें मन फिरलें. नव्या दालनांचा थाट पाहून त्याला वाटूं लागलें कीं, दरबारहि येथेंच भरवावा! आपण त्याला अडविण्याचा प्रयत्न केला होता, असें नॅशनें पुढें सांगितलें आहे. हा नकाशा खासगी घराचा आहे, यांत राणीसाठीं खोल्यांची योजनाच नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें. राजानें तें मनावर घेतलें नाहीं. नॅशनेंहि काम थांबविलें नाहीं.

पुढची कथा आंकडेच सांगतात. मूळ अंदाज २,५२,६९० पौंडांचा होता. १८२९ मध्यें तो ४,९६,१६९ पौंडांवर गेला. प्रत्यक्ष खर्च ६,१३,२६९ पौंड झाला, आणि तरीहि घर अपुरेंच होतें. या आंकड्यांची बारकाई पाहण्यासारखी आहे. शेवटच्या नऊ पौंडांपर्यंत हिशेब लागलेला आहे. बेरजेंत कोणी चुकलें नव्हतें. अंदाज एका घराचा केला आणि बांधावयास घेतलें दुसरेंच घर, एवढाच काय तो घोटाळा. पुढच्या अंगणाच्या दोन्ही बाजूंचे भाग बांधून झाल्यावर ते बुटके दिसतात अशी ओरड झाली, म्हणून ते पाडून पुन्हा उंच बांधले. अंगणाच्या तोंडाशीं ट्रफॅल्गर व वॉटर्लू येथील विजयांचें स्मारक म्हणून एक संगमरवरी कमान उभारावयाची होती, आणि तिच्या माथ्यावर राजाचा अश्वारूढ पुतळा बसवावयाचा होता. तो पुतळा कमानीवर कधींच चढला नाहीं. १८४३ मध्यें ट्रफॅल्गर चौकांतील एका रिकाम्या चौथऱ्यावर तो तात्पुरता म्हणून ठेविला; तो आजतागायत तेथेंच आहे.

जून १८३० मध्यें चौथा जॉर्ज वारला, आणि त्याच वर्षीं नॅशच्या हातून काम काढून घेण्यांत आलें. १८३१ मध्यें संसदेच्या समितीनें चौकशी केली. राहिलेलें काम एडवर्ड ब्लोअर या सावध स्थपतीकडे गेलें. नवा राजा चौथा विल्यम त्या घरांत राहावयास गेलाच नाहीं. १८३४ मध्यें संसदेच्या इमारतीला आग लागली तेव्हां त्यानें हें घर संसदेलाच देऊं केलें, आणि संसदेनेंहि तें नको म्हटलें.

बेत बदलणें हें खर्च फुगण्याचें पहिलें कारण झालें. दुसरें कारण जुन्या घराच्या पोटांतच असतें. नव्या घराचा पाया आपण खणतों. जुन्याचा पाया दुसऱ्या कोणीं तरी दुसऱ्याच बेतानें घातलेला असतो. वर चढविलेला मजला जुनी भिंत सोसेल कीं नाहीं, मोरीचें पाणी कोठून काढावयाचें, जुनें छप्पर आणि नवी गच्ची यांच्या सांध्यांतून पावसाळ्यांत काय गळेल, हें भिंत फोडल्याखेरीज पुरतें कळत नाहीं. म्हणून वाढीव कामाच्या अंदाजपत्रकांत ‘अकल्पित खर्च’ अशी जी ओळ असते ती शोभेची समजूं नये. इफेससकरांची चौथाई ती हीच. शिवाय काम चालू असतां कुटुंब कोठें निजणार, चूल कोठें मांडणार, याचाहि पैसा घराच्याच खात्यावर पडतो. कंत्राटदाराच्या कागदावर तो कधींच नसतो.

राजांच्या मागें संसदेची तिजोरी असते. मिळवून खाणाऱ्या माणसाचें काय होतें हें पाहावयाचें असेल तर त्याच वर्षांतील स्कॉटलंडकडे जरा वळलें पाहिजे. १८२२ च्या ऑगस्टमध्यें चौथा जॉर्ज एडिंबरो शहरास गेला, तेव्हां त्याच्या स्वागताची आंखणी सर वॉल्टर स्कॉट यानें केली होती. इंग्रजी शिकलेल्या आपल्या जुन्या पिढ्यांना त्याच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचा परिचय असे. या स्कॉटनें १८११ मध्यें ट्वीड नदीच्या कांठीं एक शेतघर विकत घेतलें आणि त्याला ॲबट्सफर्ड असें नांव दिलें. १८१७ पासून त्याला जोड दिली. तीहि अपुरी वाटूं लागली. तेव्हां १८२२ मध्यें मूळचें शेतघर पाडून त्या जागीं मोठा वाडा उभारावयास घेतला, तो १८२४ मध्यें पुरा झाला. त्यांत शस्त्रास्त्रांचा संग्रह होता, भव्य ग्रंथालय होतें, आणि त्या काळीं घरांतून दुर्मिळ असलेले गॅसचे दिवेहि होते.

स्कॉटला खर्च कळत नव्हता असें नाहीं. त्याच्या वहींतील जमेची बाजू मात्र अजून लिहावयाची होती, आणि हें मी अक्षरशः म्हणतों. ज्यांचीं नांवेंहि ठरलेलीं नव्हतीं अशा पुढील कादंबऱ्यांच्या पोटीं प्रकाशकाकडून हुंड्या घेऊन त्यानें तो वाडा पुरा केला. जानेवारी १८२६ मध्यें तो प्रकाशक बुडाला, आणि ज्या छापखान्यांत स्कॉट भागीदार होता तोहि बुडाला. स्कॉटच्या डोक्यावर एक लाख वीस हजार पौंडांहून अधिक कर्ज आलें. तें सगळें घराचें नव्हतें, हें न्यायाला धरून सांगितलेंच पाहिजे. छापखान्याचे व्यवहार त्यांत मोठे होते. पण संकटाच्या वेळीं हाताशीं जो पैसा असावा तो दगडाविटांत जाऊन बसला होता. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत त्याची पत्नी वारली. दिवाळें काढण्याचें नाकारून तो लेखणीनें कर्ज फेडीत राहिला, आणि १८३२ मध्यें तो वारला तेव्हां त्यांतील कांहीं अजून बाकी होतें.

आतां पुन्हा लंडनकडे. जुलै १८३७ मध्यें तरुण व्हिक्टोरिया राणी बकिंगहॅम राजवाड्यांत राहावयास आली. सहा लाखांहून अधिक पौंड गिळलेल्या या घरांत धुराडीं अशीं होतीं कीं, विस्तव पेटविला म्हणजे खोलींत धूर कोंडे. खिडक्यांच्या कांचा आंतून पुसण्याचें काम एका खात्याकडे आणि बाहेरून पुसण्याचें दुसऱ्या खात्याकडे होतें; दोघांचा मुहूर्त क्वचितच जुळे. १८४० मध्यें राणीचें लग्न झालें. १८४५ पर्यंत चार मुलें झालीं, आणि मुलांसाठीं घरांत जागा नाहीं असें दिसून आलें. या नकाशांत राणीची सोय नाहीं, ही नॅशची जुनी तक्रार येथें आठवावी. फेब्रुवारी १८४५ मध्यें राणीनें पंतप्रधान सर रॉबर्ट पील यांना ही अडचण पत्रानें कळविली. तें पत्र तिनें ब्रायटनच्या त्या घुमटांच्या महालांतूनच लिहिलें होतें. पील यांनीं तूर्त थांबावें असें सुचविलें. त्याच वर्षीं आयकर पुढें चालू ठेवण्याचा प्रस्ताव संसदेपुढें आणावयाचा होता. प्रजेवर कर आणि राणीला खोल्या, हीं दोन्हीं एकदम मागणें त्यांना प्रशस्त वाटलें नाहीं.

हें थांबणें वायां गेलें नाहीं. १८४६ मध्यें संसदेनें १,५०,००० पौंड मंजूर केले, तेव्हां ब्रायटनचा महाल विकून ती किंमत याच कामांत घालावयाची असें ठरलें. म्हणजे आंकडा ठरला आणि पैशाचा एक उगमहि ठरला, आणि हें सगळें कुदळ पडण्यापूर्वीं. बेतहि एकच होता. तीन बाजूंनीं वेढलेल्या अंगणाची उघडी चौथी बाजू बंद करून तेथें खोल्या बांधावयाच्या. नकाशा ब्लोअरचा होता. बांधण्याचें काम थॉमस क्युबिट याच्याकडे गेलें, आणि माझ्या मतें या हकीकतींतील मोठें माणूस हेंच. क्युबिट मूळचा सुतार. प्रत्येक धंद्याच्या कारागिराशीं निराळा व्यवहार करण्याची जुनी पद्धत त्यानें सोडून दिली होती. गवंडी, सुतार, रंगारी, सगळे त्याच्या पगारावर आणि त्याच्याच कारखान्यांत कामाला असत. त्यामुळें एका कामाची एक किंमत सांगणें त्याला शक्य होतें, आणि ती सांभाळणेंहि. दीड लाखाच्या जागीं हें काम सुमारे १,०६,००० पौंडांत झालें.

१८५० मध्यें ब्रायटनच्या नगरपालिकेनें तो महाल ५३,००० पौंडांस विकत घेतला. नव्या कामाचा निम्मा भार तेथेंच हलका झाला. महालांतील चिनी थाटाचें सामान, दारें, शेकोट्या हेंहि काढून लंडनला आणलें आणि नव्या दालनांत बसविलें. जुन्या वाड्याचे सागवानी दरवाजे उतरवून नव्या घराला लावणाऱ्या आपल्या लोकांना यांत नवल वाटणार नाहीं. मला गंमत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. एका राजानें नॅशकडून दोन घरें वाढवून घेतलीं, आणि त्यांतल्या एकाची अडचण दूर करण्यासाठीं त्याच्या पुतणीला दुसरें विकावें लागलें.

क्युबिटच्या कामाची स्तुति करतांना एक नोंद मात्र राहूं नये. दर्शनी भागास लावलेला दगड फ्रान्समधील कां येथील खाणींचा, मऊ जातीचा होता. लंडनच्या धुरापुढें तो टिकला नाहीं. थर सुटूं लागले, आणि १९१३ मध्यें सर ॲस्टन वेब यानें तो सगळा दर्शनी भाग पोर्टलंडच्या टणक दगडानें नव्यानें मढविला; तें काम सुमारे तीन महिन्यांत उरकलें. आज चित्रांतून आपण पाहतों तो राजवाड्याचा चेहरा वेबचा आहे, त्यामागील खोल्या ब्लोअर-क्युबिटच्या आहेत. वांचलेले चव्वेचाळीस हजार पौंड दगडांतूनच वांचले असें म्हणण्याचा माझा हेतु नाहीं. पण खर्च उतरलेला दिसला म्हणजे तो कोठून उतरला हें विचारून घ्यावें. पांढऱ्या मातीचा गिलावा पहिल्या पावसापर्यंत चुन्यासारखाच दिसतो.

त्या घराचें काम अजून संपलेलें नाहीं. विजेच्या तारा, पाण्याचे नळ व ऊब देणारीं यंत्रें बदलण्यासाठीं ३६ कोटि ९० लाख पौंडांची आणि दहा वर्षांची योजना नोव्हेंबर २०१६ मध्यें जाहीर झाली. रक्कम आणि मुदत दोन्ही आधीं सांगितलीं गेलीं.

राहतां राहिली ती संगमरवरी कमान. चौथी बाजू बांधावयाची तर ती वाटेंत येत होती. १८५० मध्यें तिचे दगड एकेक करून सोडविले, आणि १८५१ च्या वसंतापर्यंत क्युबिटनेंच ती हाइड पार्कच्या ईशान्य कोपऱ्यावर पुन्हा उभी केली. तेथें ती निदान उद्यानाचें दार तरी होती. पुढें रस्ते रुंद झाले आणि ती उद्यानापासूनहि तुटली. आज तिच्या भोंवतीं वाहनें फिरत असतात, आणि मध्यें ती उभी आहे. तिच्यांतून कोणत्याहि घरांत जातां येत नाहीं.